हार घालण्याजोगा फोटो

पितृपक्ष लागला की माझ्या दुकानात मेलेली माणसं येतात. भाजीच्या पिशवीतून येतात, पोथीच्या पानांतून येतात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी होऊन येतात. कुणाच्या कपाळावरून चीर गेलेली, कुणाचा अर्धा गाल कसरीनं खाल्लेला, कुणाच्या मानेवर सरकारी शिक्क्याचा जांभळा अर्धगोल. वर्ध्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्स आणि फोटोचं दुकान आहे. वर्षभर मी पुढाऱ्यांचे वाढदिवस छापते, क्लासवाल्यांचे निकाल छापते, लग्नाच्या पत्रिका छापते आणि कुणाशी भांडत नाही. पण भाद्रपदातला हा पंधरवडा आला की दिवसभर एकच वाक्य ऐकायचं, "मॅडम, एवढं साफ करून द्या." एवढं म्हणजे केवढं, ते कुणी सांगत नाही.

परवा एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांचा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला, शेवटच्या रांगेत. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. त्यांना तो दोन बाय तीन फुटांचा हवा होता. मी म्हटलं, दादा, यात नाकसुद्धा दिसत नाही. तर ते म्हणाले, फोनमधलं अॅप एका मिनिटात करते. मग त्यातच करा ना, म्हटलं. त्यावर ते जरा खाली बघून म्हणाले की केलं होतं, पण त्यातून वडील भलतेच कुणीतरी निघाले. एक बाई सासऱ्यांची टोपी काढून द्या म्हणाल्या. टोपीखाली काय होतं ते मला कसं ठाऊक असणार? एकांना लग्नाच्या फोटोत वारलेले काका बसवून हवे होते. कुठे बसवू विचारलं, तर म्हणाले, मामाच्या जागी बसवा, मामाशी आता बोलणं नाही. आणि प्रत्येकाला जाता जाता आठवतंच, "थोडं गोरं करजा." मेलेल्या माणसाला गोरं होऊन कुठे जायचं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

बाहेर उकाडा. पाऊस गेला म्हणावं तर नाही, आहे म्हणावं तर नाही. गावाबाहेर सोयाबीन पिवळं पडलेलं, रस्त्याच्या कडेनं तरोट्याची पिवळी फुलं, आणि दुकानाचा पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतोय. दुपारी शेजारच्या घरांतून वडे तळल्याचा वास येतो, कढीचा येतो, छपरांवर कावळ्यांची ओरड चालू असते. कावळ्यांना या दिवसांत फार भाव चढतो. मी फोटोतल्या माणसाच्या गालावरचा एकेक डाग पुसत बसते आणि माझं डोकं तापत राहतं. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई खडूस आहे. असेल. पण तीन वर्षांपूर्वीच्या याच पंधरवड्यात मी एका जित्या बाईला फोटोतून काढून टाकलं होतं, आणि ती माझी सख्खी आत्या होती. तेव्हापासून "साफ करा" हे शब्द ऐकले की मला आधी स्वतःचाच राग येतो, मग समोरच्याचा.

तो फोटो आजीचा होता, म्हणजे आम्ही सगळे तसंच म्हणायचो. माझ्या बाबांची आई. बाबा अडीच महिन्यांचे असताना ती गेली. बाबांनी तिला पाहिलेलं नाही, म्हणजे पाहिलं असेल, पण अडीच महिन्यांच्या पोराचं पाहणं ते काय. आजोबांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि पहिलीचा फोटो भिंतीवरून उतरला. तो गेला माळ्यावर. कौसाआत्या, बाबांची थोरली बहीण, तिचं लग्न झालं तेव्हा तिनं बापाकडे एवढंच मागितलं. लुगड्यांच्या घडीत घालून तिनं तो फोटो वडनेरला सासरी नेला आणि तिथल्या भिंतीवर तो साठ वर्षं राहिला. इकडे बाबा दरवर्षी अविधवा नवमीला आईच्या नावानं पाट मांडायचे, वाढायचे, आणि पाटावर फोटोच्या जागी एक सुपारी ठेवायचे. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची ती तिथी. लहानपणी मला ती सुपारीच आजी वाटायची.

तीन वर्षांपूर्वी गणपती उठले आणि बाबांनी मला म्हटलं की या नवमीले मायचा फोटो पाह्यजे. तू साऱ्या गावाचे मुडदे साफ करतेस, माह्या मायचा एक कर. बाबांचं बोलणं असंच असतं. आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभे राहिलेले, गोड बोलायची कधी गरजच पडली नाही. त्याच सुमारास आत्याचाही निरोप आला. तिला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवू तेवढी टिकवू. तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, "आत्याबाई म्हणून राह्यल्या का तो फोटो साफ करून दे म्हणावं मंदाले, नजर हाय तोवर एक खेप पाहून घेतो." मी म्हटलं, बरं झालं, एकाच कामात दोघांचं होईल. इथेच चुकलं. दोघं एकच फोटो म्हणत होती आणि मी विचारलंच नाही की कुणाला काय पाहायचंय.

वडनेरला गेले त्या दिवशी आत्या ओसरीत वाती वळत बसली होती. वाती वळायला डोळे लागत नाहीत. फोटो आतल्या खोलीत, दाराच्या वर. पुलगावच्या एका स्टुडिओत काढलेला, आजोबा तिथल्या मिलमध्ये होते तेव्हाचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बगीचा आणि कुठेच न जाणारा जिना. खुर्चीवर आजी, नऊवारी, नाकात नथ, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. आणि तिच्या डाव्या बाजूला सहा वर्षांची कौसा उभी, झालरीचा फ्रॉक, डोळे विस्फारलेले. आजीचा हात तिच्या खांद्यावर. ओल लागून फोटो काचेला चिकटला होता, आजीच्या कपाळावर पिवळा डाग पसरला होता. मी स्टुलावर चढून आधी फोननं एक फोटो काढला, पुण्याला माझ्या धाकट्या भावाला, दिनेशला दिसावा म्हणून, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. समोरच्या खिडकीचा उजेड काचेत आला आणि त्यात मीच उमटले, फोन धरलेला हात, अर्धा चेहरा, ओढणी. दिनेशचं उत्तर लगेच आलं की ताई, यात तूच दिसतेस, नीट काढ. मी तो फोटो तिथेच विसरले.

आत्या ओसरीतून सांगत होती आणि मी ऐकत नव्हते, स्टुलावरून फोटो उतरवण्यात होते. थोडं ऐकलं ते असं, की फोटोवाल्यानं डोक्यावर काळा कपडा घेतला आणि ती भ्याली. तो माणूस कपड्यात शिरला, आता त्याचं तोंड जनावराचं होऊन बाहेर येईल असं तिला वाटलं आणि ती पळायला निघाली. "तं मायनं असं दाबून धरलं मले. असं. दुखलं ना बाप्पा खांदा." मी हं हं म्हटलं. फोटो खाली आल्यावर तिनं एकच बजावलं, "चौकट बदलू नोको, मंदा. काच बी तीच ठेवजो. माह्या बाबानं देल्ली आहे." मी म्हटलं, हो आत्या, तीच चौकट, तीच काच. हे शब्द मी पुढे जसेच्या तसे चौकटवाल्या काकांना सांगितले, तेही सांगते.

मग सुरू झाला आमच्या घराचा फॅमिली ग्रुप. मी दुकानात काचेसकट फोटो स्कॅन केला आणि दिनेशला पाठवला. ते कशाला केलं, माझं मला माहीत. तो संगणकात नोकरी करतो म्हणून त्याला वाटतं की आपण सगळ्यांच्या आज्यांना जिवंत करू शकतो. अर्ध्या तासात ग्रुपवर आजी रंगीत झाली. नऊवारी गुलाबी. डोळे घारे. चेहऱ्यावर असा तजेला की जणू कुठल्या साबणाच्या जाहिरातीला निघाली आहे. हनुवटी स्वच्छ. गोंदणाचे ठिपके अॅपला डाग वाटले आणि त्यानं ते पुसून टाकले. नथीलाही ते ओरखडा समजलं, अर्धीच राहिली होती. खाली काकू, मावश्या, चुलतभाऊ, सगळ्यांचे हात जोडलेले आणि फुलं. "किती सुंदर होत्या." मी लिहिलं की ही आपली आजी नाही. कुणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी आजी हलली. मान किंचित वळवली, पापण्या मिटल्या, उघडल्या आणि दात दाखवून हसली. ज्या बाईनं त्या काळात स्टुडिओत परक्या पुरुषासमोर ओठसुद्धा सैल सोडला नसता, ती आमच्याकडे बघून दात दाखवत होती. मी दिनेशला फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबांना मात्र मी तो प्रकार दाखवायला नको होता. दाखवला नव्हताच, त्यांनी माझा फोन घेऊन पाहिला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ते खाटेवर बसून फोन डोळ्यांशी धरून होते. संपलं की अंगठ्यानं पुन्हा लावायचे. आजी मान वळवायची, पापण्या मिटायची, हसायची. मी म्हटलं, बाबा, ते खरं नाही, मशीननं केलंय. ते म्हणाले, "मले ठाऊक आहे." आणि पुन्हा लावलं. तेव्हा मला त्यांचाही राग आला. आता येत नाही.

मी हट्टानं स्वतः कामाला बसले. अॅप नको, आपोआप काही नको, एकेक डाग हातानं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ब्रश असतो. जिथे फिरवाल तिथला डाग तो आजूबाजूच्या कातडीनं भरून काढतो. फार हुशार ब्रश आहे आणि हुशारीचाच त्रास आहे. त्याला डाग आणि गोंदण यातला फरक कळत नाही. त्याला ओरखडा आणि सुरकुती यातला फरक कळत नाही. तीन ठिपके तीनदा पुसले गेले आणि तीनदा मी परत आणले. कपाळावरचा पिवळा डाग काढता काढता कुंकू गेलं, ते परत लावलं. माझ्या आजीला मी माझ्या हातानं कुंकू लावलं, माऊसनं. चार दिवसांनी चेहरा असा झाला की मला वाटलं, हो, ही असेल. असेलच म्हणू शकते, कारण पडताळून पाहायला कोण होतं? बाबांनी पाहिलेली नाही. पाहिलेली एकच व्यक्ती आता जगात होती आणि तिची नजर चालली होती.

तेवढ्यात बाबा दुकानात आले. चष्मा लावून स्क्रीनजवळ वाकले, आईकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग बोट दाखवून म्हणाले की कौसाले काढ यातून. का, विचारलं. त्यांना माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. हा फोटो नवमीला पाटावर बसणार, याला हार घालायचा, आणि जिता माणूस फोटोत असला तर हार घालता येत नाही. जित्याच्या गळ्यात असा हार पडला की त्याचं आयुष्य तुटतं. कौसा अजून आहे, तिला काढलंच पाहिजे, तिच्याच भल्यासाठी. हे काही बाबांनी नव्यानं काढलेलं नव्हतं. माझ्या दुकानात रोज हेच चालतं. नवरा गेला की जोडीच्या फोटोतून बायको वेगळी काढायची, खांद्यावरचा तिचा हात पुसायचा, मागचा पडदा ओढून रिकामी जागा झाकायची. सिंगल करा, असा शब्द आहे आमच्यात. मी शेकडो माणसं सिंगल केली आहेत. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिवाय नवमी तीन दिवसांवर होती आणि दुकानात रांग लागली होती.

तर मी कौसाला काढलं. आधी फ्रॉक, मग पाय, मग ते विस्फारलेले डोळे. तिच्या जागी बगीचा आणि जिन्याच्या दोन पायऱ्या आल्या. राहिला आजीचा हात. खांदा गेल्यावर तो हवेतच राहिला, काहीतरी पकडल्यासारखा. फार वाईट दिसत होता. मी सॉफ्टवेअरला सांगितलं, हात मांडीवर ठेव. त्यानं ठेवला, सहा बोटांचा. पुन्हा सांगितलं, तर पाच बोटांचा ठेवला, पण नखं रंगवलेली. तीही पुसली. शेवटी एक सभ्य, मऊ, कुणाचाही चालेल असा हात आजीच्या मांडीवर आला आणि मी दमून सेव्ह केलं, त्याच नावानं, त्याच फाइलवर. शनिवार होता. दर शनिवारी मी मूळ स्कॅनचा फोल्डर रिकामा करते, कारण पुढाऱ्यांच्या बॅनरनी जागाच उरत नाही. तोही केला. दिनेशला स्कॅन पाठवला होता, पण त्याच्या हाती पडताच त्यानं आजीचं तोंड तेवढं कापून ठेवलं आणि बाकीचं उडवलं. मीही दिनेशला पाठवलेलं पुसून मोकळी झाले, फोन भरला होता म्हणून. एवढ्या माणसांनी मिळून एका पोरीला घालवलं आणि एकालाही कळलं नाही.

चौकटवाले काका आमच्या गल्लीतच बसतात. त्यांच्याकडे प्रिंट आणि जुनी चौकट दिली आणि बजावलं, तीच चौकट, तीच काच. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेले. काकांनी फडक्यानं पुसून समोर धरलं आणि म्हणाले, "पाहा ताई, काच कशी चकचकीत केली. अशी जाड काच आता भेटत नाई. जुना कागद लई चिकटलता, पाण्यात भिजवला अन् पात्यानं खरडला, तवा निघाला." त्यांच्या पायाशी बादली होती. पाणी जरा करडं होतं. मी पैसे देऊन चौकट घेतली. त्यांनी अक्षर न अक्षर माझंच ऐकलं होतं.

नवमीला आत्याला मुद्दाम वर्ध्याला आणलं. स्वयंपाकघरात कोहळ्याची भाजी, वडे, तांदळाची खीर. बाबा सोवळ्यात, पाट मांडून, पहिल्यांदाच सुपारीशिवाय. चौकट आधी आत्याच्या मांडीवर ठेवली, तिनं एकदा पाहावं आणि मग हार घालावा, असं बाबांचंच म्हणणं. ती उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसली. चौकट अगदी नाकाशी धरली आणि चांगल्या डोळ्याच्या कडेनं पाहू लागली. आम्ही सगळे वाट पाहत होतो की ती म्हणेल, हो, अशीच होती माय. ती चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. तिचं बोट काचेवरून खाली आलं, डाव्या बाजूला गेलं, जिन्याच्या पायऱ्यांवर फिरलं, पुन्हा फिरलं. मला वाटलं, दिसत नाही तिला. मी म्हटलं, आत्या, चेहरा वर आहे.

"अन् मी कुठी गेली?" ती म्हणाली.

बाबांनी सांगितलं. हार, जिता माणूस, आयुष्य, सगळं नीट समजावून. ती ऐकत होती. रागावली नाही, रडलीही नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, मी उलट बोलू शकले असते. तिनं मांडीवरच्या त्या मऊ हाताला बोट लावलं आणि विचारलं, हा कोणाचा? मग चौकट बाबांकडे सरकवत म्हणाली, "बरं. मंग मी मेली का घालजा मले वापस. मायजवळ."

बाबांनी हार घातला. वाढलं. आम्ही जेवलो. वडे चांगले झाले होते. आत्यानं दोन खाल्ले.

त्या दुपारी मी दुकानात जाऊन सगळं उलथंपालथं केलं. संगणकाची कचरापेटी, पेन ड्राइव्ह, मशीनला जोडलेली जुनी डिस्क. दिनेशला फोन केला, तो म्हणाला, त्या अॅपला सांगितलं तर सहा वर्षांची मुलगी ते बनवून देईल. मी फोन ठेवून दिला. बनवून देईल. झालरीचा फ्रॉक, गोड हसणारी, कुणाचीही कौसा. मग आठवलं, स्टुलावरून काढलेला पहिला फोटो. ग्रुपवर शोधायला लागले. शेकडो गुड मॉर्निंग, गणपती, आरत्या, कुणाच्या तरी नातवाचा नाच, गुलाबी आजी, हसणारी आजी, आणि त्या सगळ्याच्या खाली तो सापडला. धूसर, तिरपा, खिडकीचा पांढरा पट्टा आणि काचेत मी. माझं अर्धं तोंड नेमकं कौसाच्या खांद्यावर पडलं होतं, आजीच्या हातावर. मी स्वतःला पुसायला ब्रश घेतला. एक फटका मारला तर माझ्याबरोबर आजीची दोन बोटं गेली. परत आणली. मग ब्रश ठेवला. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की बोटांखाली फ्रॉकला चुण्या पडल्या आहेत. मूळ फोटोत मी त्यांना ओरखडे समजले होते.

तो तसाच छापला आणि दसऱ्यानंतर वडनेरला नेऊन दिला. कापूस फुटायला लागला होता. आत्याची नजर तेवढ्या दिवसांत आणखी उतरली होती. तिनं कागद फिरवून फिरवून एका कोनात धरला आणि मग थांबली. "हे पाह्य. कशी दाबून राह्यली." मी म्हटलं, हो. "अन् हे कोन आहे मधात?" मी म्हटलं, मी आहे, काचेत आले. ती म्हणाली, "राहू दे." पुढे ती पूर्ण आंधळी झाली, तरी तो कागद उशीजवळ असायचा. सून सांगायची की म्हातारी पाहुण्यांना दाखवते आणि बोट बरोबर हातावर ठेवते.

या वैशाखात ती गेली. तेरवीला सुनेनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिला. कडा मऊ झालेल्या, हाताच्या जागी रंग उडालेला.

आणि आता पुन्हा नवमी आली. काल सकाळी मी दुकान उघडायच्या घाईत होते, गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतले तेरा मेलेले माझी वाट पाहत होते, आणि बाबा चौकट घेऊन माझ्यासमोर उभे. म्हणाले, "आता कौसाले घाल वापस. आता चालते." माझ्या डोक्यात तिडीक गेली. चालते म्हणजे काय? माणूस मेलं की फोटोत यायला मोकळं? मी ताडकन म्हटलं की ती परत येत नाही, तुमच्यासाठी काढली ती कायमची गेली, उरलाय तो एवढा कागद आणि त्यात मी आहे, आणि मी अजून जिती आहे, तेव्हा हार घालता येणार नाही तुम्हाला. एवढं बोलून मी तो कागद पिशवीतून काढून त्यांच्यापुढे टाकला. टाकलाच. बाबांनी तो उचलला. त्यांनी आजवर तो पाहिलाच नव्हता, आत्यानं दिला नव्हता आणि त्यांनी मागितला नव्हता. ते खाटेवर बसून पाहत राहिले. मी चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

"माय, कौसा, तू," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मले बी बसवता येते का त्यात?"

दिवसाला दहा जण मला हेच विचारतात आणि मी दहा जणांवर खेकसते. मेलेल्या काकांना लग्नात बसवा, न जन्मलेल्याला बारशात बसवा. बाबांवर खेकसायला मी तोंडही उघडलं होतं. पण ते पंचाहत्तरीचे म्हातारे गृहस्थ कागदाच्या कडेशी अंगठा धरून जागा पाहत होते, कौसाच्या शेजारी थोडीशी आहे का. बहिणीला काढ म्हणताना त्यांना हाराचीच काळजी होती, असं मी तीन वर्षं धरून चालले होते. असेलही. पण आईचा हात त्यांना कधी लागल्याचं आठवत नव्हतं, आणि फोटोत तो दुसऱ्याच्या खांद्यावर होता.

मी दुकान उघडायला गेले नाही. चौकट उलटी केली, खिळे काढले, ती मऊ हाताची आजी बाहेर घेतली आणि तिच्या जागी तो कागद घातला. तीच चौकट, तीच काच, काकांनी घासून चकचकीत केलेली. पाटावर भिंतीला टेकवून ठेवली. समोरचं दार सताड उघडलं, तसा उजेड आत आला. बाबांना म्हटलं, इथे उभे राहा, फोटोसमोर, माझ्यापुढे. ते म्हणाले, मशीनवर नाई करत? नाही म्हटलं. ते उभे राहिले, सदरा नीट करत, टोपी घालू का काढू करत. काचेत त्यांचा पांढरा सदरा उमटला, मग चेहरा, पण खुर्चीच्या पार पलीकडे. थोडं डावीकडे, बाबा. अजून थोडं. आले, कौसाच्या जवळ आले. आईला आणि स्वतःला एकाच काचेत पाहून ते वाकायला लागले, मागे झाले, पुन्हा वाकले. दर खेपेला चेहरा सरकून जिन्यावर जायचा. चार फोटो वाया गेले. वडे तळायचे राहिले होते, कढी उतू जात होती. हलू नका म्हटलं तरी ते हलतच होते. शेवटी मी एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा दाबून धरला, चांगला घट्ट, सदऱ्याला चुण्या पडेपर्यंत.